ठाणे-नवी मुंबईत तलावावर गळ टाकायला परवानगी लागते का? विचारायचं कोणाला?

ब्रह्मांडकर (८ जून, रात्री १०:१२)

मंडळी, जरा मार्गदर्शन करा. मुलगा सातवीत आहे, मासे पकडायचे व्हिडिओ बघून बघून त्याने डोकं खाल्लं होतं म्हणून वाढदिवसाला टेलिस्कोपिक रॉड आणि छोटं स्पिनिंग रीळ घेऊन दिलं. रविवारी सकाळी घोडबंदर रोडच्या आतल्या एका तलावावर गेलो (नाव मुद्दाम देत नाही), कणकेची गोळी लावली, गळ पाण्यात पडतो न पडतो तोच वॉचमन शिट्टी मारत हजर. इथे मासे मारायचे नाहीत म्हणे. बोर्ड कुठाय विचारलं तर बोर्ड नाही, साहेबांनी सांगितलंय. बाजूला एक काका अख्खी पावाची लादी पाण्यात कुस्करत होते त्यांना कोणी काही बोललं नाही, आणि पलीकडच्या काठावर दोन पोरं हाताला तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) गुंडाळून बसली होती त्यांच्याकडे तर वॉचमनने बघितलंसुद्धा नाही. बहुतेक रॉड चकचकीत होता हाच आमचा गुन्हा.

वाद घालायचा नाहीये. मला फक्त कळायला हवंय की आपल्याकडे गळाने मासे धरायला लायसन्स वगैरे काही असतं का, ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत राजरोस बसता येईल अशी जागा आहे का, आणि सासरे म्हणतात जून लागला म्हणजे मासेमारी बंद, ती बंदी तलावालाही असते का.

चिलापी_फ्राय (८ जून, रात्री १०:२०)

पहिला नंबर माझा. पकडलेला मासा घरी नेणार की सोडून देणार ते आधी सांगा, सल्ला त्यावर ठरेल. घरी नेणार असाल तर पत्ता पाठवा.

तलावपाळी_कट्टा (८ जून, रात्री १०:४१)

काय दिवस आलेत. आम्ही लहान असताना आई कौपिनेश्वराला आली की ती देवळात आणि आम्ही मासुंदा तलावाच्या काठाला, कुंडीतली गांडुळं कागदात बांधून न्यायची, दोऱ्याला गळ आणि पिसाचा फ्लोट, झालं. कोणी हटकायचं नाही. उलट येणारा-जाणारा थांबून सल्ला द्यायचा. आता बघावं तिकडे रेलिंग, कारंजं, बोटिंग, सेल्फी पॉइंट. ठाण्यात म्हणे एकेकाळी साठाच्या वर तलाव होते, त्यातले पस्तीसेक उरलेत, बाकीच्यांवर आपण फ्लॅट घेऊन राहतोय. तलाव बुजवत होते तेव्हा कोणी शिट्टी मारली नाही आणि एका पोराच्या गळाला शिट्टी. धन्य आहे.

वकील_कळवा (८ जून, रात्री ११:०५)

कट्टाशेठ, भावना पोचल्या, आता जरा कोरडं बोलतो. मत्स्यव्यवसाय हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे, नोंद २१. त्यामुळे देशभर चालेल असं गळाचं एकच लायसन्स नसतं, ज्या त्या राज्याचे ज्याचे त्याचे नियम. मुळात ब्रिटिशांच्या काळात १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा आला, त्यात पाण्यात सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं गुन्हा ठरवलं, शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोनशे रुपयांपर्यंत दंड (तेव्हाचे दोनशे!). पुढे महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा केला. आणि समुद्रासाठी वेगळा, १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा. तुमच्या सासऱ्यांची जूनची बंदी ती समुद्राची. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना. तिचा उपवनच्या नाहीतर रायलादेवीच्या पाण्याशी संबंध नाही.

पण म्हणून तलाव मोकळाय असं समजू नका. गाडीचं लायसन्स खिशात असलं की कुठल्याही रस्त्यावर जाता येतं, तसं पाण्याचं नाही. पाणी ज्याच्या ताब्यात, परवानगी त्याची. शहरातला तलाव महापालिकेचा, म्हणजे बोर्ड असो नसो, वॉचमनने नको म्हटलं की उठायचं आणि लेखी उत्तर हवं असेल तर प्रभाग समितीत अर्ज टाकायचा. बारवी धरण एमआयडीसीचं. मोरबे नवी मुंबई महापालिकेचं, अख्खं शहर ते पाणी पितं, तिथे हौस करायला जाऊ नका. तानसा मुंबई महापालिकेचं आणि वर भोवती अभयारण्य. आणि येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तिथल्या ओढ्यात गळ टाकलात तर महापालिकेचा वॉचमन नाही, वनखातं येतं, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा दोनशे रुपयांवर सोडत नाही.

ब्रह्मांडकर (८ जून, रात्री ११:१८)

बापरे. म्हणजे येऊरचं मनात होतं ते आत्ताच काढलं. धन्यवाद वकीलसाहेब. पण मग महापालिकेच्या तलावात मासे आहेत ते कोणाचे? ते तर आपोआप आलेत ना?

जाळंवाला (९ जून, सकाळी ६:५०)

दादा तिथेच तर सगळ्यांची गल्लत होते. आमची मच्छीमार सहकारी संस्था आहे, शहापूरच्या बाजूला, दोन तलाव ठेक्यावर आहेत. तुम्हाला वाटतं तलावात मासे आपोआप होतात. चिलापी होते, मरळ होतो, शिंगटी होते, मान्य. पण रोहू-कटला-मृगळ बंद पाण्यात अंडी घालतच नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. मग तलावात कटला दिसतोय म्हणजे कोणीतरी पैसे मोजून बोटुकली आणून सोडलीय. बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू, ८०-१०० मिलिमीटरचं. ते सोडायचं, बगळ्या-पाणकावळ्यांपासून आणि मरळीपासून वाचलं तर वर्षाच्या आसपास किलोचं होतं. सरकारी तलाव ठेक्याने द्यायचं धोरण आहे, २०१७ चा जीआर वाचा, पाच वर्षांसाठी देतात, संस्था रक्कम भरते, बीज टाकते, राखण करते. आणि मग रविवारी शहरातून पाच गाड्या येतात, रॉड लावतात, आम्ही विचारलं तर म्हणतात पाणी काय तुझ्या बापाचं आहे का. बापाचं नाही पण मासा माझा आहे.

तुम्ही मुलाला घेऊन गेलात त्याचं वाईट नाही वाटत. पण पाच किलोचा कटला काढून फोटो टाकणारे आहेत ना, त्यांना एकदा ठेक्याची पावती दाखवायचीय.

मत्स्यगंधा (९ जून, सकाळी ९:३०)

जाळंवाला दादांनी बरोबर सांगितलं. मी रत्नागिरीच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, आता वाशीत राहते, म्हणून थोडी भर. बंद पाण्यात कार्प माशांचं (म्हणजे हेच रोहू-कटला-मृगळ) बीज मिळायला लागलं तेच मुळी १९५७ पासून. डॉ. हिरालाल चौधरींनी ओडिशात अंगुलला माशाच्या पियुष ग्रंथीचा अर्क टोचून मादीला अंडी घालायला लावलं, तारीख १० जुलै, म्हणून तो दिवस आता मत्स्य शेतकरी दिन. त्याआधी पुराच्या नदीतून जिरे (म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं) गोळा करून आणायचे आणि त्यात रोहूबरोबर काय काय येईल ते नशीब.

त्यामुळे तलावावर बसलात आणि गळाला काय लागलं यावरून ते पाणी कसं आहे ते बरंच कळतं. नुसती चिलापीच लागत असेल, तीही तळहाताएवढी, तर समजायचं की बीज कोणी सोडत नाहीये आणि चिलापीने तलाव ताब्यात घेतलाय. चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतला मासा, आपल्याकडे १९५२ मध्ये आणला. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते त्यामुळे मरतूक कमी, दोन-तीन महिन्यांची झाली की परत अंडी, मग गर्दी होते आणि कोणीच मोठं होत नाही. मुलाला शिकायचं असेल तर चिलापीच बेस्ट. बारीक गळ, गांडुळाचा तुकडा, काठाजवळ. तिच्यावर कोणी रडणार नाही.

चिलापी_फ्राय (९ जून, सकाळी ९:४४)

मी रडेन. पण आनंदाने. ताई तो चिखलाचा वास जातो कसा तेवढं सांगा, मीठ-हळद-लिंबू सगळं करून झालं.

मत्स्यगंधा (९ जून, सकाळी १०:०२)

तो वास वरून लागलेला नसतो, मांसात मुरलेला असतो. जिओस्मिन नावाचं द्रव्य, पाण्यातल्या नीलहरित शेवाळामुळे आणि काही जिवाणूंमुळे तयार होतं. जिवंत मासा दोन-चार दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला तर जातो. मेल्यावर आंबट ताकात नाहीतर कोकमाच्या आगळात ठेवून थोडा दबतो, बस्स. आणि खरं सांगू का, शहरातल्या तलावातला मासा खाऊच नका. नाल्याचं पाणी येतं, मूर्तींचे रंग वर्षानुवर्षं तळाच्या गाळात बसलेत, मृगळ तर तळच चरतो. पकडा, बघा, सोडा.

घणसोलीकर (९ जून, दुपारी १:१५)

ठाण्यावाल्यांचं झालं आता आमचं ऐका. नवी मुंबईत जे तलाव हायत ते सिडकोने नाय बनवले, ते आमच्या गावांचे हायत. घणसोली, रबाळे, गोठिवली, शिरवणे, बेलापूर, प्रत्येक गावाला तलाव व्हता, गुरं धुवायला, गणपती बुडवायला आणि माश्यांना. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की गाव ठरवायचा कधी तलाव मारायचा, मग सगळे एकदम पाग, जाळी घेऊन उतरायचे आणि वाटणी व्हायची, विधवा बाईच्या घरचा वाटा पण निघायचा. मधल्या दिवसान कोण एकटा जाऊन पाग टाकील तर गावासमोर उभा करायचे. म्हणजे नियम आमच्याकडे तुमच्या जीआरच्या आधीपासून व्हते. आता तलाव महापालिकेकडे, दगडी काठ, दिवे, गॅबियन वॉल (जाळीत दगड भरलेली भिंत) टाकून विसर्जनाची जागा वेगळी केली ते बाकी चांगलं केलं. पण गावातल्या म्हाताऱ्याने गळ टाकला तर त्याला पण बाहेर काढतात, ते पटत नाय.

बाहेरून येणाऱ्यांनी एवढंच करावं, गावतळ्यावर बसायच्या आधी शेजारच्या देवळाजवळ जी माणसं बसलेली असतात त्यांना विचारावं. नुसतं विचारलं तरी अर्ध्या ठिकाणी चहा मिळेल.

पामबीच_रनर (९ जून, दुपारी २:३०)

नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या पाण्यात आणि वाशी-कोपरखैरणेच्या होल्डिंग पाँडवर रोज लोक गळ टाकून बसलेले दिसतात की! तिथे चालतं वाटतं?

घणसोलीकर (९ जून, दुपारी २:५०)

भाऊ ते तलाव नायत. ते धारण तलाव, खाडीला जोडलेले. भरती आली की झडप बंद आणि ओहोटीला उघडी, पावसाचं पाणी साठवून खाडीत सोडायला सिडकोने हॉलंडच्या पद्धतीने केलेले, कारण नवी मुंबईचा बराच भाग खाजणावर भराव टाकून उभा आहे. तिथे बोईट, काळुंदर, चिंबोरी मिळतात, खारं-निमखारं पाणी. आणि कांदळवनात चिखलान पाय घालशील तर मासा राहिला बाजूला, वनखात्याचा कांदळवन कक्ष येल.

पाणकावळा (९ जून, संध्याकाळी ७:०५)

मी मासे धरत नाही, धरणाऱ्यांना बघतो. आयडीवरून कळलं असेलच. दोन गोष्टी बोलायच्यात आणि दोन्हीवर मला शिव्या पडणार आहेत.

एक म्हणजे तंगूस. गाठ पडली की लोक तोडून तिथेच काठावरच्या झाडाला टाकून देतात. नायलॉन आहे तो, कुजत नाही. मी स्वतः पाय अडकून लटकलेला बगळा सोडवलाय, एक पाय तोपर्यंत काळा पडला होता. खिशात एक डबी ठेवा, तुटलेला तुकडा तिच्यात टाका, घरी जाऊन बारीक कापून कचऱ्यात टाका, हे मोठ्या मोठ्या रॉडवाल्यांनाही सुचत नाही.

दुसरं कासव. आपल्या तलावांमध्ये पाण्यातलं पाठीला मऊ कातडं असलेलं देशी कासव आहे, गांडुळाला हमखास लागतं. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. गळ ओढून काढायला जाऊ नका, घशात असेल तर दोरा जवळून कापा आणि वनखात्याच्या १९२६ ला फोन करा. घरी नेऊन टबात ठेवलं तर गुन्हा तुमच्यावर, मग मुलाची हौस होती हे सांगून उपयोग नाही. लाल कानपट्टीचं कासव दिसलं तर ते मात्र कोणीतरी अ‍ॅक्वेरियममधून आणून सोडलेलं परदेशी पाहुणं असतं. पिल्लू असताना नाण्याएवढं, मग ताटाएवढं झालं की गाडी थेट तलावावर. तसाच तो काळा काचेला चिकटणारा सकर मासा.

सौ_नौपाडा (९ जून, रात्री ८:४०)

आमच्या ह्यांनी पण सकर मासा तलावात सोडला होता, पुण्य म्हणून. वाचून दाखवते आता त्यांना. एक विचारू का, पावाने काय होतं? आम्ही कित्येक वर्षं माशांना कणकेच्या गोळ्या घालतो, सासूबाईंचं व्रत आहे.

मत्स्यगंधा (९ जून, रात्री ९:१५)

ताई, एका माणसाच्या गोळ्यांनी काही होत नाही. पण मासुंद्यासारख्या ठिकाणी दिवसाला शंभर माणसं तेच करतात. मासे खातात त्याच्या कितीतरी पट तळाशी जाऊन कुजतं आणि कुजायला ऑक्सिजन लागतो. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेतं, तयार काहीच करत नाही. त्यात चार दिवस ढगाळ राहिलं की पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. लोकांना वाटतं भूक लागलीय, अजून पाव टाकतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, तलावात मासे मृत. कारंजं नुसतं शोभेचं नसतं, त्याने हवा मिसळते, ते पहाटे चालू ठेवायला हवं आणि आपल्याकडे ते संध्याकाळी गर्दीसाठी चालू असतं.

व्रत बंद नका करू, चिमूटभर करा. देव मोजत नाही.

तलावपाळी_कट्टा (९ जून, रात्री ९:३२)

म्हणजे मासे धरणारा गुन्हेगार आणि मासे मारणारा पुण्यवान. मी म्हणत होतो ते हेच.

आयटीवाला_ऐरोली (९ जून, रात्री १०:५०)

कोणी वलगणीचं बोललंच नाही? आता पहिला मोठा पाऊस झाला की शिळफाटा, कल्याणच्या पलीकडे, भिवंडीच्या शेतांमध्ये लोक टॉर्च आणि काठ्या घेऊन उतरतात, आमच्या ऑफिसचा ग्रुप दर वर्षी प्लॅन करतो आणि पावसात गाडी अडकेल म्हणून रद्द करतो. तिथे तर कोणाची परवानगी लागत नसेल, शेतात आलेला मासा.

मत्स्यगंधा (९ जून, रात्री ११:१०)

रद्दच राहू दे प्लीज. वलगण म्हणजे काय, पहिल्या पुराचं पाणी शेतात-ओढ्यात चढलं की मासे अंडी घालायला उलट्या दिशेने वर येतात. पोटात अंडी गच्च, पळता येत नाही, म्हणून काठीने पण मिळतात. एक मादी मारली की हजारो पिल्लं गेली. समुद्राला ६१ दिवस बंदी घालतो ती ह्याच कारणाने आणि ओढ्यावर मात्र सगळे टॉर्च घेऊन.

घणसोलीकर (९ जून, रात्री ११:२५)

ताई तुमचं पुस्तकातलं बरोबर हाय पण वलगण आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या हाय. माझा आजा रात्री भिजत जायचा, सकाळी अख्ख्या आळीत कालवणाचा वास. तेव्हा मासे संपले नाय. संपले कधी, जेव्हा ओढ्यांवर भराव पडले, कंपन्यांचं पाणी सुटलं, पुलाखाली पाइप टाकले त्यातून मासा वर चढूच शकत नाय. दोष गरिबाच्या टोपलीला.

जाळंवाला (१० जून, सकाळी ६:३०)

दोघांचं खरं आहे आणि मी दोघांच्या मध्ये राहतो. आजा एका घरापुरते आणायचा. आता बाइकवरून पोरं येतात, ओढ्याच्या तोंडावर आडवी बारीक जाळी लावतात, मच्छरदाणीसारखी, एक मासा वर जात नाही. काही ठिकाणी बॅटरीचा करंट मारतात, त्यात मागच्या-पुढच्या सगळ्यांचा जीव जाईल, माणसाचा पण. ब्लिचिंग पावडर टाकतात ते तर सरळ विष. आमच्या गावात आम्ही ठरवलंय, आडवी जाळी नाही, करंट नाही, हाताने आणि आसूने (छोट्या जाळ्याने) घरापुरतं. ऐकतात असं नाही. पण कोणी केलं तर नाव सगळ्यांना कळतं.

आणि मरळ. तलावात पावसाळ्यात लालसर पिल्लांचा गोळा पाण्यावर येताना दिसला तर त्याच्याखाली आई-बाप असतात, राखण करत. तिथे नकली बेडूक टाकला की चिडून लगेच धरतो, सगळ्यात सोपी शिकार. आणि सगळ्यात हलकट. बाप काढलात की अर्ध्या तासात पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात.

रॅपिड_फायर_रॉड (१० जून, सकाळी ११:००)

इथे सगळे ज्ञान देतायत. मी कॅच अँड रिलीज करतो, मासा सोडून देतो, मग मला कशाला परवानगी? आणि तो मोठा मागुर लागला तर तोही सोडतोच मी.

मत्स्यगंधा (१० जून, सकाळी ११:२०)

मागुर सोडू नका! मोठा, काही किलोंचा मागुर म्हणजे बहुतेक थाई मागुर नावाने विकला जाणारा आफ्रिकन. २००० पासून देशात त्याच्या पैदाशीवर बंदी आहे, हरित लवादानेही आदेश दिलेत, भिवंडी भागात त्याची तळी नष्ट करण्याच्या कारवाया झाल्यात. जे मिळेल ते खातो, देशी मासे संपवतो, पाण्याबाहेरही तग धरतो. आपला देशी मागुर छोटा असतो आणि तो आता मिळतच नाही. ओळख पटत नसेल तर फोटो काढून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा, पण परत त्याच पाण्यात नको.

वकील_कळवा (१० जून, दुपारी १२:१०)

रॉडसाहेब, सोडलात तरी ठेकेदाराच्या तलावात परवानगीशिवायच उतरलात ना. शिवाय कोरड्या टॉवेलने धरून, जमिनीवर आपटून, पाच मिनिटं फोटो काढून सोडलेला मासा दोन दिवसांनी तरंगतो, ते जाळंवाल्याच्या हिशोबात येतं. हात ओले करा, गळाचा काटा आतल्या बाजूने पक्कडने दाबून टाका म्हणजे पटकन निघतो, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. आणि आता पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे, धरणं, तलावांवर बंदीचे आदेश काढतात, ते मासेवाल्यांनाही लागू असतात. दरवर्षी कोणी ना कोणी घसरून जातं.

ब्रह्मांडकर (११ जून, रात्री ९:४५)

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, चहा गार झाला वाचता वाचता. प्रभाग समितीत जाऊन विचारून आलो. तिथल्या बाई म्हणाल्या आमच्याकडे उद्यान विभाग बघतो, उद्यानवाले म्हणाले प्रदूषण विभाग, प्रदूषणवाल्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली. पोच आहे हे महत्त्वाचं, असं वकीलसाहेब म्हणतील. तोपर्यंत शहरातल्या तलावावर बसणार नाही. जाळंवाला दादा, तुमच्याकडे रविवारी बसू देतात का? मुलाला पकडलेला मासा सोडायचाय, खायचा नाहीये, त्याची आई तयारच नाही.

जाळंवाला (१२ जून, सकाळी ६:४०)

जूनमध्ये नाही देत. जुलै-ऑगस्टला आम्ही बीज सोडतो तेव्हा काठ बंद असतो. त्यानंतर या. आधी सेक्रेटरीला फोन, माणशी पावती असते, दोन रॉडच्या वर नाही, चारा म्हणून पेंड चालेल पण मैद्याचं पोतं नाही. मुलाला लाइफ जॅकेट घेऊन या, ते आमच्याकडे नाही. नंबर मेसेजमध्ये पाठवतो. घाई असेल तर कर्जत-नेरळ बाजूला फार्महाऊसवाल्यांची खाजगी तळी आहेत, तासाचे पैसे घेतात, मासा हमखास लागतो, त्यात शिकारीची मजा नाही पण पोराचा हात बसेल. बीज सोडायच्या दिवशी मात्र त्याला आणा वाटल्यास, पिशव्या उघडायला हात कमीच पडतात.

ब्रह्मांडकर (१२ जून, सकाळी ७:१५)

आणतो! त्याला सांगितलं, तो आत्तापासून विचारतोय एका पिशवीत किती पिल्लं असतात.

चिलापी_फ्राय (१२ जून, सकाळी ७:२२)

शेंगदाणा पेंड ठाण्यात किरकोळ कुठे मिळते? दुकानदार म्हणतो पोतंच घ्या. अख्खं पोतं घेऊन गेलो तर जाळंवाला दादा काठावरून ढकलतील.

सौ_नौपाडा (१२ जून, सकाळी ७:५०)

स्टेशनजवळ जुन्या बाजारात गुरांच्या खाद्याची दुकानं आहेत, अर्धा किलो सुटी देतात. सासूबाईंनी तिथूनच आणायला सांगितलीय. चिमूटभरच.